'पहिला' एडवर्ड खरोखर पहिला होता का?

१/ इंग्लंडच्या राजांची यादी वाचताना एक विसंगती खटकते. 'पहिला एडवर्ड' १२७२ मध्ये गादीवर आला. परंतु त्याच्यापूर्वी एडवर्ड नावाचे तीन अँग्लो-सॅक्सन राजे होऊन गेले होते. मग हा पहिला कसा?

२/ हे नाव जुन्या इंग्रजीतले. 'एआड' म्हणजे समृद्धी, 'वेअर्ड' म्हणजे रक्षक. एडवर्ड म्हणजे समृद्धीचा रक्षक. आपल्या परिचयाचा 'वॉर्ड' हा शब्दही याच 'वेअर्ड'च्या कुळातला.

३/ १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. जमिनी आणि पदे नॉर्मनांकडे गेली, पाठोपाठ नावेही बदलली. लिओफ्रिक, गॉडविन, एथेलरेड ही नावे काही पिढ्यांतच मागे पडली. इंग्रज आईबापही मुलांची नावे विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड अशी ठेवू लागले.

४/ एडवर्ड मात्र तगले. त्याचे कारण 'कन्फेसर' म्हणून ओळखला जाणारा राजा एडवर्ड (मृत्यू: जानेवारी १०६६). त्याची आई एमा नॉर्मन होती आणि त्यानेच आपल्याला गादीचे वचन दिले, असा विल्यमचा दावा होता. साहजिकच जेत्यांनाही तो आदरणीय राहिला. ११६१ मध्ये पोपने त्याला संतपद दिले.

५/ तिसरा हेन्री या संताचा निस्सीम भक्त होता. १२३९ मध्ये त्याने आपल्या थोरल्या मुलाचे नाव एडवर्ड ठेवले. हेन्री, जॉन, रिचर्ड, विल्यम अशा नावांच्या राजघराण्यात जितांचे नाव पुन्हा आले. १२४५ पासून याच संताच्या सन्मानार्थ त्याने वेस्टमिन्स्टर ॲबी नव्याने बांधायला घेतली.

६/ हेन्रीचा मुलगा, नातू आणि पणतू असे तीन एडवर्ड १२७२ ते १३७७, सलग १०५ वर्षे राजे होते. तिघांत फरक करण्यासाठी क्रमांक आवश्यक झाले आणि गणना सुरू झाली ती १०६६ च्या विजयापासून! नाव परतले, त्या नावाचे जुने तीन राजे मात्र मोजणीबाहेरच राहिले.

७/ मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या नावातील 'किंग एडवर्ड' म्हणजे सातवा एडवर्ड. काळा घोडा परिसराला ज्या पुतळ्यावरून नाव मिळाले, त्यातील घोडेस्वारही तोच. वगळलेले तिघे मोजले, तर तो दहावा ठरतो. राजांचे क्रमांक पाठ करताना मोजणी कोणी आणि कुठून सुरू केली, हेही विचारावे.