लोकसभाध्यक्ष

लोकसभेच्या बैठकांचे संचालन करणारे व सभागृहातील चर्चेचे नियमन करणारे घटनात्मक पद. संविधानाच्या अनुच्छेद 93 अन्वये लोकसभा आपल्या सदस्यांतून अध्यक्ष व उपाध्यक्ष निवडते.

या पदाचे मूळ इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये आहे. तेथे हे पदनाम 1377 पासून रूढ झाले. भारतात केंद्रीय विधिमंडळाचे पहिले निर्वाचित अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल (1925), तर लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर (1952–56). पुढे शिवराज पाटील व मनोहर जोशी हेही या पदावर होते.

बोलण्याचा क्रम व वेळ ठरविणे, औचित्याच्या मुद्द्यावर निर्णय देणे आणि असंसदीय शब्द कामकाजातून वगळणे (नियम 380) ही अध्यक्षांची नित्याची कामे. अध्यक्ष उभे राहताच बोलणाऱ्या सदस्याने तत्काळ खाली बसावे व सर्वांनी शांतपणे ऐकावे, असे नियम 361 सांगतो; गदारोळात तो पाळला जातोच असे नाही. गैरवर्तनावरील उपाय चढत्या क्रमाने आहेत : समज, दिवसापुरते बाहेर जाण्याचा आदेश (नियम 373), नाव घेऊन प्रस्तावाद्वारे निलंबन (नियम 374). हौद्यात उतरून घोषणा देणाऱ्यांच्या आपोआप निलंबनासाठी 2001 मध्ये नियम 374 क आला. (पहा : संसदीय विशेषाधिकार).

अध्यक्ष प्रथमतः मत देत नाहीत; समसमान मते पडल्यास निर्णायक मत देतात (अनुच्छेद 100). मात्र ब्रिटनप्रमाणे पक्षत्याग करण्याची प्रथा भारतात रुजलेली नाही. त्यामुळे पक्षांतर करणाऱ्या सदस्यांच्या अपात्रतेबाबत अध्यक्ष दहाव्या अनुसूचीखाली जे निर्णय देतात, त्यांच्या निःपक्षपातीपणावर शंका घेतली जाते व ते वारंवार न्यायालयात जातात. (पहा : पक्षांतरबंदी कायदा, विधानसभा).