व्हिक्टोरिया : मुंबईची घोडागाडी आणि घोड्यांच्या रक्षणाचे नियम

चार चाकांची, मागे दुमडता येणाऱ्या छताची, बहुधा एका घोड्याने ओढली जाणारी भाड्याची गाडी. नाव राणी व्हिक्टोरियावरून आले. मुंबईत ती आधी वाहन होती, मग हौस झाली आणि २०१५ साली बेकायदा ठरली. घोड्यांसाठी केलेले नियम कुठे लागू पडले आणि कुठे नुसते कागदावर राहिले, हे तिच्या कहाणीत चांगले दिसते.

मुंबईत घोड्यांनी ओढलेली ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीपर्यंत, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीपर्यंत. प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी मुंबईत संस्था निघाली तीही १८७४ सालीच. पुढे दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याला त्यांच्या पत्नी साकरबाई यांचे नाव दिले गेले. लालबाग-परळच्या तोंडी मात्र ते कायम ‘बैलघोडा हॉस्पिटल’. शहर कोणाच्या पाठीवर चालत होते, हे त्या नावातच आले. १८८६ साली परळलाच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली आणि ट्रामचे घोडे गेले. भाड्याच्या गाड्या उरल्या.

या गाड्यांच्या परवान्यांसाठी १९२० चा मुंबई सार्वजनिक वाहने कायदा होता. घोड्यासाठीचे आजचे नियम त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, आणि त्याखालचे ओढकाम व ओझेकाम करणाऱ्या जनावरांचे नियम १९६५ चे. दिवसभरात एकूण नऊ तासांहून जास्त काम नाही, सलग पाच तासांहून जास्त नाही. टांग्यात चारपेक्षा जास्त उतारू बसवायचे नाहीत, हाकणारा आणि सहा वर्षांखालील मुले वगळून. काट्यांचा लगाम निषिद्ध. आणि ज्या भागात पारा ३७ अंशांच्या वर जातो, तिथे दुपारी बारा ते तीन जनावर जुंपायचे नाही.

हे शेवटचे कलम विदर्भात किंवा मराठवाड्यात अर्थपूर्ण आहे. मुंबईत पारा तिथवर क्वचितच चढतो. पण समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि घोडा, माणसासारखाच, घाम वाळल्यानेच थंड होतो. मेमध्ये चौतीस अंशांत धापा टाकणारा घोडा नियमाच्या दृष्टीने सुखात असतो. तासांचेही तसेच. नऊ तास भरले की नाही याचा हिशेब रस्त्यावर कोण ठेवणार?

लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीत, म्हणजे एन्ड्युरन्समध्ये, हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. तिथे एका दिवसात १६० किलोमीटरपर्यंत दौड असते, पण ती टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्य घोडा तपासतो. ठरलेल्या अवधीत नाडी मिनिटाला ६४ वर यावी लागते. कातडी चिमटीत धरून सोडतात. ती चटकन सपाट झाली नाही, तर घोड्याच्या अंगातले पाणी आटले आहे. हिरडीवर बोट दाबून पांढरा पडलेला ठिपका किती वेळात गुलाबी होतो ते पाहतात, पोटाला नळी लावून आतड्यांचा आवाज ऐकतात, मग सरळ रेषेत दुडकी चालवून लंगड पाहतात. यात नापास झालेला घोडा तिथेच स्पर्धेबाहेर. स्वाराचे म्हणणे विचारात घेत नाहीत. एवढे असूनही तिथे गैरप्रकार झाले. २०१५ च्या मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने संयुक्त अरब अमिरातीच्या संघटनेला निलंबित केले, आणि पुढे नियम आणखी कडक केले.

त्याच वर्षी ८ जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरियांचा निकाल लावला. न्या. अभय ओक व न्या. ए. के. मेनन यांचे खंडपीठ, जनहित याचिका २०११ ची. तोवर या गाड्या गेटवे, नरिमन पॉइंट आणि मरीन ड्राइव्ह भागात संध्याकाळच्या फेरफटक्यापुरत्या उरल्या होत्या. चंदेरी पत्रा, रंगीत दिवे, डांबरावर टपटपणारे नाल. ‘व्हिक्टोरिया नं. २०३’ (१९७२) या चित्रपटामुळे तिच्याभोवती एक लडिवाळपणा होता, पण न्यायालयाने तो बाजूला ठेवला. परवाना प्रवासी वाहतुकीचा, धंदा मौजेच्या फेऱ्यांचा. तबेल्यांना महापालिकेचा परवाना लागतो, तो नाही. जल्लीकट्टू या बैलांच्या खेळावरील सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकालही आधाराला होता. गाड्या बंद करायला एक वर्षाची मुदत मिळाली आणि सरकारला पुनर्वसनाची योजना आखायला सांगण्यात आले.

म्हणजे व्हिक्टोरिया थांबवण्यात नऊ तासांच्या नियमापेक्षा परवान्याचा वाटा मोठा होता. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच. पुनर्वसनाचे घोडे तर बराच काळ अडले. २०१७ मध्ये गाडीमालक आणि हाकणाऱ्यांपुढे पर्याय ठेवला गेला तो एक लाख रुपये किंवा फेरीवाल्याचा परवाना. ज्याने आयुष्यभर खरारा केला, तोबरा बांधला, चंदी भिजवली, त्याच्या हाती भेळेची गाडी येणार होती. २०२१ मध्ये व्हिक्टोरियाच्याच घाटाच्या विजेवरच्या गाड्या दक्षिण मुंबईत आल्या.

निकाल मुंबईपुरता. शंभरेक किलोमीटरवर माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे घोडा आजही प्रवासी वाहतुकीचेच काम करतो.