सिस्टरला कुणी विचारलं का?

गेल्या वर्षी आई सोलापुरातल्या एका दवाखान्यात सहा दिवस ॲडमिट होती. रात्री मीच थांबायचो. दोनच्या सुमाराला सिस्टर यायच्या, औषध द्यायच्या, ट्रीटमेंट शीटवर वेळ टाकून सही करायच्या. मग तेच खिशातल्या छोट्या वहीत. दोनदा का लिहिता म्हटलं, तर म्हणाल्या, "दादा, सकाळी तिसऱ्यांदा कॉम्प्युटरमध्ये भरायचंय." कॉम्प्युटर समोरच होता, रात्री त्यावर प्लास्टिकचं कव्हर.

पत्रकाराची खोड, घरी येऊन वाचत बसलो.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. या पाच गोष्टी नर्सिंगच्या मुलींकडून सुरुवातीलाच पाठ करून घेतात. त्यांना यंत्राची जोड द्यायची कल्पना कुणाची, ठाऊक आहे? एका नर्सचीच. अमेरिकेतल्या टोपेका इथं माजी सैनिकांच्या रुग्णालयात स्यू किनिक काम करायच्या. १९९२ मध्ये भाड्याची गाडी परत करताना त्यांनी पाहिलं, की तिथला माणूस हातातल्या यंत्रानं गाडीचा बारकोड टिपतो आणि काम मिटतं. गाडीचं जमतं तर गोळीचं का नाही? मग आधी त्यांच्या रुग्णालयात आणि पुढं देशभरातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत हीच पद्धत आली. रुग्णाच्या मनगटावरचा पट्टा टिपायचा, औषध टिपायचं. जुळलं नाही तर यंत्र ओरडतं.

फरक पडतो का? पडतो. बॉस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयातला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. वेळेच्या चुका सोडून औषध देण्यातल्या बाकी चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ वर आल्या होत्या.

पण २००८ चा दुसरा अभ्यास मला जास्त खरा वाटला. बारकोड असलेल्या रुग्णालयांत नर्सेस १५ प्रकारच्या पळवाटा काढत होत्या. रुग्णाच्या बारकोडची जादा प्रत दाराच्या चौकटीवर चिकटवून तिथंच टिपायची, असलंही. आळस नव्हे हो. पट्टा ओला, बॅटरी संपलेली, नेटवर्क नाही, आणि बाकीचे पेशंट खोळंबलेले.

आपल्याकडचं बघा. राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांत कॉम्प्युटरवर नोंदीची व्यवस्था आली, कित्येक वर्षं चालली आणि २०२२ मध्ये ठेकेदाराशी पैशाच्या वादात बंद पडली. केसपेपर पुन्हा हातानं. पुढं नवी व्यवस्था, म्हणजे पुन्हा नवा स्क्रीन. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० खपाच्या ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. चांगलंच आहे, बनावट औषध ओळखता येतं. पण तो कोड औषध कुणी बनवलं, कुठली बॅच, एक्स्पायरी कधी, एवढंच सांगतो. समोरच्या खाटेवर कोण झोपलंय हे त्याला माहीत नाही. ते फक्त सिस्टरला माहीत.

तिकडं बारकोडबद्दल नर्सेस समाधानी आहेत का, हे मोजायला खास प्रश्नावली तयार केलेली आहे. आपल्याकडं टेंडर कधी निघालं, बिल कुठं अडकलं, याच्या बातम्या मी स्वतः दिल्यात. वॉर्डात जाऊन सिस्टरला मात्र एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशी काय विचारलं होतं ते आठवतंय. सॉफ्टवेअर आणताना कुणी बोललं होतं का तुमच्याशी?

सिस्टर हसल्या. "पासवर्ड दिला की."