गंगाधरपंतांचे पानिपत (विज्ञानकथा)

गंगाधरपंतांचे पानिपत : जयंत विष्णू नारळीकर (१९ जुलै १९३८–२० मे २०२५) यांची मराठी विज्ञानकथा. एका काळातला माणूस दुसऱ्या काळात जाऊन पोहोचतो, या कल्पनेवर जगभर विपुल लेखन झाले आहे. त्यात भविष्यातून आलेले पाहुणे असतात, तसे भूतकाळात उतरलेले प्रवासीही असतात. एच. जी. वेल्स यांच्या ‘द टाइम मशीन’ (१८९५) या कादंबरीने ही वाट रुळवली. नारळीकरांचा प्रवासी मात्र पुढच्या किंवा मागच्या शतकात जात नाही. तो स्वतःच्याच काळात राहतो, पण वेगळ्या इतिहासातून घडलेल्या भारतात जाऊन पडतो. प्रत्यक्षात मराठ्यांनी गमावलेली १७६१ सालची पानिपतची लढाई त्या भारतात त्यांनी जिंकलेली आहे.

कथानक : प्रा. गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्याचे इतिहाससंशोधक. एका ट्रकशी झालेल्या टकरीनंतर ते अनोळखी जगात सापडतात. ‘जिजामाता एक्स्प्रेस’ने मुंबईकडे निघाल्यावर त्यांना पुण्याबाहेरच्या कारखान्यांच्या वसाहती दिसत नाहीत. सहप्रवासी खानसाहेब त्याच रात्री मुंबईहून गाडी पकडून थेट पेशावरला जाणार असतात, म्हणजे या देशाची फाळणी झालेली नाही. मुंबईच्या वेशीवर मात्र ब्रिटिश हद्द सुरू होते आणि परवाने तपासले जातात. रेल्वेच्या डब्यांवर युनियन जॅक रंगवलेला असतो. ईस्ट इंडिया कंपनी १८५७ च्या उठावानंतरही टिकून असल्याचे पंतांना आढळते. फोर्ब्स या कंपनीच्या कचेरीत ते आपल्या मुलाची, विनयची, चौकशी करतात, पण त्या नावाचा माणूस तिथे कुणाला ठाऊक नसतो.

उत्तरासाठी पंत टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जातात आणि स्वतःच लिहिलेले इतिहासाचे पाच खंड उघडतात. पाचव्या खंडात वळण सापडते : पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना लागणारी गोळी कानाजवळून निघून गेली आणि मराठ्यांची सरशी झाली. पुढे विश्वासराव आणि माधवराव या भावांनी राज्य सावरले. कंपनीची सत्ता मुंबई, कलकत्ता व मद्रास यांच्या आसपास आकसली. दिल्लीत मोगल बादशहा नामधारी राहिला. युरोपातल्या तंत्रयुगाची चाहूल लागताच राज्यकर्त्यांनी देशातच विज्ञानाची केंद्रे उभारली आणि विसाव्या शतकात कारभार लोकनियुक्त प्रतिनिधींच्या हाती गेला. मुंबई तेवढी १९०८ च्या तहाने इंग्रजांकडे भाडेपट्ट्याने राहिली. संध्याकाळी आझाद मैदानावर व्याख्यान चाललेले असते. अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून पंत सवयीने तिच्यात जाऊन बसतात. त्या जगातून अध्यक्षीय भाषणांची प्रथा हद्दपार झालेली असते. प्रेक्षक खवळतात, व्यासपीठावर धावून जातात आणि पंत दिसेनासे होतात. शुद्धीवर येतात तेव्हा ते आपल्याच जगातल्या आझाद मैदानावर असतात.

शीर्षक : मराठीत ‘पानिपत होणे’ म्हणजे दाणादाण उडणे. कथेत मराठ्यांचे पानिपत टळते, पण व्यासपीठावर पंतांचे होते. शीर्षकात हे दोन्ही अर्थ सामावले आहेत.

वैज्ञानिक आधार : परतल्यावर पंत आपला अनुभव राजेंद्र देशपांडे या वैज्ञानिक मित्राला सांगतात. पुरावा म्हणून त्यांच्या खिशात ग्रंथालयातल्या ‘भाऊसाहेबांच्या बखरी’चे फाटलेले पान असते. घरच्या प्रतीत गोळी विश्वासरावांना लागल्याचे लिहिलेले असते, तर या पानावर ती हुकल्याचे. राजेंद्र दोन सिद्धांतांचा आधार घेतो. पहिला ‘कॅटॅस्ट्रॉफी थिअरी’. फ्रेंच गणिती रने तोम यांनी मांडलेल्या या गणितानुसार कारण अगदी हळूहळू बदलत गेले, तरी एका निर्णायक टप्प्यावर परिणाम एकदम उलटू शकतो. युद्धात सेनापती पडताच फौजेचे मनोबल कोसळते ते असेच. दुसरा आधार पुंजयांत्रिकीतल्या अनिश्चिततेचा. इलेक्ट्रॉन नेमका कुठे जाईल हे आधी सांगता येत नाही, केवळ शक्यता सांगता येतात. त्या प्रत्येक शक्यतेचे एकेक जग अस्तित्वात असते, असा अर्थ अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये सुचवला होता. टकरीच्या क्षणी पंतांच्या मनात पानिपतचा निकाल उलटा लागला असता तर काय झाले असते, हाच विचार घोळत होता. म्हणून ते त्या जगात गेले, असा उलगडा राजेंद्र करतो. एका जगातून दुसऱ्या जगात जाता येते, ही लेखकाची कल्पना आहे. विज्ञानाने ते सिद्ध केलेले नाही.

ऐतिहासिक आधार व जालना जिल्हा : कथेतला फाटा पानिपतच्या रणांगणावर फुटतो. प्रत्यक्ष मोहिमेची सुरुवात मात्र आजच्या जालना जिल्ह्यात झाली. १० जानेवारी १७६० रोजी यमुनाकाठच्या बुराडी घाटावर मराठा सरदार दत्ताजी शिंदे अफगाण बादशहा अहमदशहा अब्दालीच्या फौजेशी लढताना पडले. त्याच सुमारास पेशव्यांचे चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ यांनी उदगीर येथे निजामाचा पराभव केला होता. परतूर येथे पेशव्यांचा तळ असताना उत्तरेच्या मोहिमेचा निर्णय झाला. भाऊंकडे सेनापतिपद आले, विश्वासरावांना सोबत देण्यात आले आणि मार्च १७६० मध्ये फौज तिथून उत्तरेकडे निघाली. १४ जानेवारी १७६१ रोजी अहमदशहा अब्दालीशी झालेल्या लढाईत विश्वासराव आणि भाऊ दोघेही पडले. खचलेले नानासाहेब पेशवे त्याच वर्षी जूनमध्ये वारले.

या इतिहासाचे दुसरे टोकही याच जिल्ह्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या असई येथे, केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यात, आर्थर वेलस्लीच्या कंपनी फौजेने शिंदे व भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. मराठी तोफखान्याने त्या दिवशी इंग्रजांची इतकी हानी केली की, पुढे वॉटर्लू जिंकलेला हाच सेनानी असईला आपली सर्वांत मोठी कामगिरी मानत असे. गंगाधरपंतांनी वाचलेल्या पाचव्या खंडातल्या जगात कंपनीला असे बळ कधी लाभतच नाही. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांचे भाग एकत्र करून जालना जिल्हा झाला, तेव्हा परतूर आणि असई ही दोन्ही ठिकाणे एका जिल्ह्यात आली.

लेखक व परंपरा : विसाव्या शतकाच्या आरंभी ‘केरळ कोकिळ’ मासिकातून ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे भाषांतर क्रमशः प्रसिद्ध झाले. १९१५ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकात श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा आली. तिची गणना आद्य मराठी विज्ञानकथांत होते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली आणि तिला बक्षीस मिळाले. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. त्यानंतर नारळीकरांची ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ व ‘व्हायरस’ ही पुस्तके आली. नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉइल हेही विज्ञानकादंबरीकार होते. बीबीसीच्या १९६१ मधील ‘ए फॉर अँड्रोमिडा’ या दूरदर्शन मालिकेवरून हॉइल यांनी जॉन एलियट यांच्यासह त्याच नावाची कादंबरी लिहिली. २०२१ मध्ये नाशिक येथे भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे होते.

‘द ॲडव्हेंचर’ या नावाने ही कथा इंग्रजीत आली. तिचे संक्षिप्त रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकात घेण्यात आल्याने देशभरातल्या विद्यार्थ्यांनी ती वाचली.

मूल्यमापन : पानिपत हा मराठी मनाचा जुना घाव आहे. त्यावर शोकगीते, नाटके, कादंबऱ्या झाल्या. नारळीकरांनी त्याच घावाला प्रश्नाचे रूप दिले. जिंकल्याचे समाधान देऊन ते थांबत नाहीत. त्यांच्या विजयी भारतातही मुंबई परक्यांकडे आहे, आणि देश पुढे जातो तो विज्ञान आत्मसात केल्यामुळे व सत्ता लोकांकडे सोपवल्यामुळे. पंतांनी सोबत आणलेले बखरीचे पान पुराव्याचा आग्रह धरते आणि कल्पनेलाही तर्काची शिस्त लावते. इतिहास व भौतिकशास्त्र यांना इतक्या थोड्या पानांत एकत्र आणणारी ही कथा मराठी विज्ञानसाहित्यातल्या अव्वल कथांपैकी आहे.