औषध सुटल्यानंतरचा थकवा

सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या रस्त्यावरील तामलवाडी हे गाव १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अंमलाखाली होते. त्या महिन्याच्या १३ तारखेस हिंदी फौजांनी सोलापूरच्या बाजूने येऊन नळदुर्ग घेतला, १७ तारखेस हैदराबाद सरकार शरण आले, आणि पुढे चारच दिवसांनी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीस कॉर्टिसोनची पहिली सुई दिली. एरंडेल, निर्गुडीचा शेक आणि सोसण्याचे बळ एवढ्याच भांडवलावर ज्या मुलखातील आमवाती माणसे पिढ्यान्‌पिढ्या दिवस काढीत आली होती, तेथवर हे औषध पोहोचण्यास अर्थातच काळ लागला. शेजारच्या सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय निघाले तेच मुळी १९६३ साली.

ती स्त्री काही दिवसांतच चालू लागली आणि १९५० साली हेंच, केंडॉल व राइखश्टाइन यांना या कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र १९५२ साली एक वेगळीच हकिगत प्रसिद्ध झाली: दीर्घकाळ कॉर्टिसोन घेतलेला आमवाताचा एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावला, आणि शवविच्छेदनात त्याच्या अधिवृक्क ग्रंथी सुकलेल्या आढळल्या. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील या ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्वतः निर्माण करतात. परंतु तसलेच द्रव्य बाहेरून सतत मिळू लागले म्हणजे मेंदूकडून त्यांना सुटणारा हुकूम थांबतो, आणि औषध बंद झाल्यावर पूर्ववत कामास लागण्यासाठी त्यांना कित्येक महिने, क्वचित वर्षाहून अधिक अवधी लागतो.

शरद पौर्णिमेच्या सुमारास तामलवाडीवरून तुळजापूरला पायी जाणाऱ्या भाविकांचा शीण विश्रांतीने उतरतो. औषध सुटल्यावर, ग्रंथी मंद असताना येणारा थकवा मात्र तसा उतरत नाही, आणि म्हणूनच घरच्यांना तो आळस वाटतो. ‘अंगात त्राणच नाही’ हे रुग्णाचे गाऱ्हाणे कोणी मनावर घेत नाही, याचे मला फार वाईट वाटते. त्यातच स्टेरॉइडने, म्हणजे कॉर्टिसोनसारख्या औषधाने, मांड्यांचे स्नायू झिजलेले असल्यास खुरपणीला बसलेल्या बाईस हात टेकल्यावाचून उठता येत नाही. यात तिचा काडीमात्र कसूर नाही.

स्टेरॉइडची गोळी आपल्या मनाने एकाएकी सोडू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवावी, आणि ग्लानी फार वाढल्यास सकाळच्या रक्तातील कॉर्टिसॉल तपासून घ्यावे, कारण थकवा ग्रंथींच्या मंदपणाचा आहे की मूळ व्याधीच उसळली आहे, हे नुसत्या अंदाजाने ठरत नाही. दरम्यान दिवसाची कामे तुकड्यातुकड्यांनी करावी, थोडे चालावे, आणि खुर्चीवरून उठण्याबसण्याचा सराव झेपेल तसा वाढवावा. शस्त्रक्रिया ठरली, कडक ताप आला किंवा उलट्या थांबेनात, तर पूर्वी स्टेरॉइड घेतल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे. शस्त्रक्रियेनंतर दगावलेल्या त्या रुग्णाच्या हकिगतीनंतरच वैद्यांनी ही चौकशी शस्त्रक्रियेपूर्वी करण्याचा परिपाठ ठेवला.