मूत्रपिंडाच्या बिघाडाची आगाऊ चाहूल

मधुमेहात मूत्रपिंडे हळूहळू झिजतात, पण बराच काळ दुखत-खुपत नाही. मग ही झीज आधी ओळखायची कशी? या प्रश्नाचा इतिहास सुमारे दोनशे वर्षांचा आहे.

१८२७ मध्ये लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली. अंड्यातला पांढरा भाग गोठावा तशी ती गढुळली. मूत्रपिंडाच्या गाळणीतून निसटलेले अल्ब्युमिन हे प्रथिन त्यांना असे दिसले. १८८६ मध्ये माक्स याफे यांना क्रिएटिनिनची रंगीत अभिक्रिया सापडली. रक्तातले क्रिएटिनिन मोजण्यासाठी आम्ही प्रयोगशाळेतली माणसे आजही ती वापरतो.

परंतु क्रिएटिनिन तयार होते स्नायूंतून. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासात असे दिसले, की तेथील नवजात बाळांत ब्रिटिश बाळांपेक्षा स्नायू बरेच कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून असते. आता जालना जिल्ह्यातल्या मंठा किंवा घनसावंगीकडचा एखादा सडपातळ मधुमेही शेतमजूर डोळ्यांपुढे आणा. स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिनही कमी. अहवाल 'नॉर्मल' येतो, पण गाळणी मंदावलेली असू शकते. हा खोटा दिलासा महागात पडतो. पुढे डायलिसिसची वेळ आली, तर आठवड्यातून दोन-तीन दिवस मजुरी बुडते.

म्हणून शास्त्रज्ञांनी रक्तात दुसऱ्या खुणा शोधल्या. सिस्टॅटिन-सी हे प्रथिन जवळजवळ सर्व पेशी तयार करतात, त्यामुळे त्यावर स्नायूंचा प्रभाव कमी पडतो. २०१२ मध्ये बोस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्रातील संशोधकांनी दाखवले, की ज्या मधुमेहींच्या रक्तात टीएनएफ-ग्राही ही दाहाशी निगडित प्रथिने जास्त होती, त्यांची मूत्रपिंडे पुढील काही वर्षांत निकामी होण्याचा धोका बराच अधिक होता. २०२३ मध्ये अमेरिकेत या प्रथिनांवर आधारित चाचणीला मान्यता मिळाली.

अशी चाचणी शक्यता सांगते, भविष्य नव्हे. शिवाय तिच्यासाठी थांबण्याचेही कारण नाही. मधुमेहींनी वर्षातून एकदा क्रिएटिनिनबरोबर लघवीतले अल्ब्युमिनही तपासून घ्यावे. दोष लवकर कळला, तर रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवून आणि औषधे घेऊन झीज मंदावता येते. अंड्यातला पांढरा भाग पाण्यात मिसळून परीक्षानळीत तापवा. ब्राइट यांनी काय पाहिले ते विद्यार्थ्यांना दिसेल, आणि ही गोष्ट त्यांच्याबरोबर घरीही पोहोचेल.