काडेचिराईत

लहानपणी पावसाळ्यात आमचा दिवस कडू सुरू व्हायचा. आई रात्री काडेचिराईताच्या काड्या भिजत घालायची आणि सकाळी ते पाणी गाळून आम्हा भावंडांना रांगेत उभं करून पाजायची. वर गुळाचा खडा. गूळ संपायचा, पण कडूपणा जिभेवरून हलायचा नाही. त्या काड्या येतात कुठून, हा प्रश्न कधी पडला नाही. काष्ठौषधीच्या दुकानातून, एवढंच ठाऊक.

पुढे मी कोकणातल्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवू लागले. १९७८ च्या सुमारास एकदा वर्गात किरात आणि अर्जुनाची गोष्ट सांगत होते. ओघात म्हटलं, "या किरातांवरूनच किराततिक्त हे नाव पडलं. म्हणजे आपलं काडेचिराईत. आपल्या परसात उगवतं ना, तेच!" मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "बाई, परसातलं ते ओलं किराईत. काडेचिराईत वेगळं. आजी सांगते."

मी त्याला म्हटलं, "आजीला विचारून पुस्तकं लिहीत नाहीत. बस खाली." वर्ग हसला. तो बसला.

निवृत्तीनंतर वनौषधींची पुस्तकं वाचू लागले, तेव्हा कळलं की आजीचंच बरोबर होतं. आपल्याकडचं ओलं किराईत, म्हणजे पालेकिराईत किंवा कालमेघ, हे अडुळशाच्या कुळातलं. काडेचिराईत जेन्शियनच्या कुळातलं. ते हिमालयात साधारण १२०० ते ३००० मीटर उंचीवर वाढतं. फुलं हिरवट पिवळी, जांभळट छटेची, चार पाकळ्यांची. दोन्ही कडू, दोन्ही तापावर देतात, म्हणून नावं एकमेकांत मिसळली.

नावांचा इतिहासही मजेदार आहे. जेन्शियन हे कुळाचं नाव इलिरियाच्या जेन्टियस राजावरून आलं. इ. स. पूर्व १६८ मध्ये रोमनांनी त्याला हरवलं. या वनस्पतीचं शास्त्रीय नाव स्वर्शिया, ते हॉलंडच्या इमान्युएल स्वीर्ट या बागकाम जाणणाऱ्या माणसावरून. आपल्याकडे मात्र ते ना राजाचं ना पंडिताचं, डोंगरातल्या लोकांचं नाव. चरकसंहितेत किराततिक्त आहे. महासुदर्शन चूर्णात तर बाकी सगळ्या औषधांच्या वजनाच्या निम्मं एकटं काडेचिराईत असतं. १८१० साली जॉन फ्लेमिंग या ब्रिटिश डॉक्टरने हिंदुस्थानी औषधींची यादी छापली, तीत त्याने हे नाव घेतलं आणि युरोपच्या शास्त्रात चिरायता पोचला. त्यानंतर दहा वर्षांनी, १८२० मध्ये, क्विनाइन वेगळं करण्यात आलं आणि तापाच्या औषधांत त्याचा मान वाढला. घराघरांतली काडी मात्र टिकली.

पण या टिकण्याची किंमत झाडाने मोजली. काडेचिराईताला फुलायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि औषधाला अख्खं झाड मुळासकट लागतं. बी झडण्याआधीच उपटलं, तर पुढची पिढीच नाही. मागणी वाढली तशी रानं रिकामी होऊ लागली.

मग गेल्या काही दशकांत पूर्व नेपाळात, संखुवासभा, ताप्लेजुंग या भागात, शेतकऱ्यांनी ते आपल्या जमिनीत लावायला घेतलं. बी इतकं बारीक की वाऱ्याने उडून जाईल, म्हणून वाळूत मिसळून पेरतात. रोपांना ओलावा हवा, थोडी सावलीही हवी. दोन-तीन पावसाळे धीर धरायचा, बोंडं धरली की उपटायचं, आणि थोडी झाडं बियांसाठी राखायची. हे वाचताना एका ओळीपाशी थांबले. त्या मुलखात राई आणि लिंबू लोकांची वस्ती मोठी. ते स्वतःला किरात म्हणवतात.

म्हणजे ज्यांना मी वर्गात "पूर्वीचे रानटी शिकारी" म्हणून चार वाक्यांत आटोपत होते, ते आजही आहेत आणि आपल्या नावाचं झाड जगवताहेत. आईच्या हातची ती काडी, कोण जाणे, त्यांच्याच डोंगरातून आली असेल.

असो. तो मुलगा आता साठीच्या घरात असेल. कुठे आहे, माहीत नाही. आजी तर केव्हाच गेली असणार. दोघांचीही माफी मागायची राहून गेली, म्हणून इथे लिहिते आहे. तुमच्या घरात कुणी न शिकलेली आजी काही सांगत असेल, तर आधी ऐकून घ्या. खाली बसवायची घाई करू नका.